लांबचं जवळ आणणारी लेन्स : पैसे घालण्याआधी काय बघायचं?

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण, वाचक मैत्रिणींसाठी शब्दरूपात)



आज बोलायचंय ते एका गटाने विचारलेल्या प्रश्नावर. या गटातल्या तिघीजणींनी मिळून जुना डीएसएलआर कॅमेरा घेतला. बारसं, साखरपुडा, डोहाळजेवण, शाळेचं गॅदरिंग, ग्रामपंचायतीचा कार्यक्रम, असे फोटो त्या काढतात. येणाऱ्या पैशातला काही भाग गटाच्या खात्यात भरतात. काम बरं चाललंय. पण गॅदरिंगच्या फोटोंवर पालक नाराज. म्हणतात, "आमची पोरगी यात कुठंय? मुंगीएवढी दिसतीय." दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, "ताई, तीनशेची लेन्स घ्या, सगळं जवळ येईल." आता त्या विचारतात, घ्यावी का? घ्यायची तर कोणती? आणि कर्ज काढून घ्यावी का?

प्रश्न तिघींचा असला तरी पैसा गटाचा आहे. दर महिन्याला शंभर-दोनशे बाजूला काढून जमवलेला. म्हणून जरा सविस्तर सांगते.

आधी लेन्सवरचा आकडा समजून घेऊ. कॅमेऱ्यासोबत बहुतेक वेळा एक छोटी लेन्स येते. तिच्यावर 18-55 असं लिहिलेलं असतं. हे आकडे मिलिमीटरचे. आकडा लहान तेवढा फोटोत परिसर जास्त मावतो. आकडा मोठा तेवढी लांबची वस्तू जवळ आल्यासारखी दिसते. 18 वर अख्खा मांडव मावतो, 55 वर चार-पाच माणसं. याच्या पुढच्या लेन्सना टेलिफोटो झूम म्हणतात. 55-200, 55-250, 70-300 असे त्यांचे आकडे.

आता हिशोबाने बघू. तुम्ही स्टेजपासून 10 मीटरवर, म्हणजे साधारण 33 फुटांवर उभ्या आहात. आपल्याकडे चालणाऱ्या नेहमीच्या डीएसएलआर कॅमेऱ्यावर, आडव्या फोटोत, 55 आकड्याला साधारण 13-14 फूट रुंदीची जागा येते. म्हणजे नाचणाऱ्या पोरींची अख्खी रांग. 250 आकड्याला तीन फूट जागा येते, म्हणजे एकीचा चेहरा आणि हात. 300 ला साधारण अडीच फूट. बघा, 55 आणि 250 मध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे. 250 आणि 300 मध्ये फरक जेमतेम अर्ध्या फुटाचा. म्हणून दुकानदार "तीनशे, तीनशे" म्हणाला तरी त्या पन्नास मिलिमीटरसाठी भुलू नका. त्यापेक्षा महत्त्वाच्या दोन गोष्टी आहेत. एक उजेड, दुसरी हाताचा कंप.

पहिली गोष्ट उजेड. लेन्सवर मिलिमीटरच्या शेजारी आणखी एक आकडा असतो. 4-5.6 किंवा 4.5-6.3 असा. लेन्सचं तोंड किती उघडतं ते हा आकडा सांगतो. आपल्या डोळ्यातली बाहुली अंधारात मोठी होते ना, तसंच. इथे मात्र उलटं गणित आहे. आकडा लहान म्हणजे तोंड मोठं, उजेड जास्त. स्वस्त टेलिफोटो लेन्सचं तोंड शेवटच्या टोकाला, म्हणजे 250 किंवा 300 ला, 5.6 किंवा 6.3 एवढंच उघडतं. दिवसाच्या उन्हात काही अडत नाही. शाळेच्या मैदानावरची कबड्डी, वारीतलं रिंगण, कुस्त्यांचं मैदान, शेतातलं काम, तळ्यावरचे पक्षी, सगळं छान येतं. पण रात्रीचं लग्न, पिवळ्या दिव्यांचा हॉल, संध्याकाळचं गॅदरिंग इथे ही लेन्स दमते. उजेड कमी पडला की कॅमेरा शटर जास्त वेळ उघडं ठेवतो, तोवर नाचणारी पोरगी हलते आणि फोटो फिसकटतो. नाहीतर आयएसओ वाढवावा लागतो आणि फोटोत रवाळ दाणे दिसतात.

मोठ्या स्टुडिओवाल्यांकडे जाडजूड 70-200 लेन्स दिसते. तिचं तोंड 2.8 पर्यंत उघडतं. 5.6 च्या चौपट उजेड ती आत घेते. पण वजन दीड किलोच्या घरात आणि नवी घ्यायची तर किंमत लाखाच्या पुढे. तो आपला घास नव्हे.

मग रात्रीच्या कामाला काय करायचं? पुढे जायचं. आयोजकांना आधीच सांगून स्टेजच्या खाली, पहिल्या रांगेच्या बाजूला जागा मागून घ्यायची. आपण बायका मागे उभं राहून काम करायला शिकलोय, ती सवय इथे महागात पडते. फोटो काढणारीची जागा पुढेच असते, आणि ती हक्काने मागायची. जोडीला 50 मिलिमीटरची, 1.8 तोंडाची एक छोटी लेन्स मिळते. ती झूम होत नाही, पण 5.6 च्या मानाने नऊ-दहा पट उजेड घेते आणि लेन्समध्ये सगळ्यात स्वस्तात मोडते. तुमची नव्वद टक्के कामं रात्रीची, हॉलमधली असतील, तर माझं ऐका. टेलिफोटोच्या आधी ही 50 ची लेन्स बघा. निकॉनचा लहान कॅमेरा असेल तर त्या लेन्सच्या नावात एएफ-एस आहे ना ते पाहून घ्या. का, ते पुढे सांगते.

दुसरी गोष्ट हाताचा कंप. लांबची वस्तू जवळ आणताना हाताचा हादराही मोठा होऊन येतो. लांब काठीचं टोक धरून बघा, मनगट जरा हललं तरी पुढचं टोक हातभर हलतं. त्यावर एक जुना ठोकताळा आहे. लेन्सचा आकडा घ्यायचा, आपल्या कॅमेऱ्यासाठी त्याला दीडाने गुणायचं, आणि शटरचा वेग निदान तेवढ्याव्या भागाचा ठेवायचा. म्हणजे 250 ला सेकंदाचा साधारण चारशेवा भाग. त्याहून हळू शटर असेल तर हातातून काढलेला फोटो हलण्याची भीती.

यासाठी लेन्समध्येच कंप आवरणारी सोय असते. आतलं एक भिंग हाताच्या उलट दिशेला सरकतं आणि फोटो सावरतं. कॅनन तिला आयएस म्हणतं, निकॉन व्हीआर म्हणतं, टॅमरॉन व्हीसी आणि सिग्मा ओएस म्हणतं. नावं चार, काम एकच. स्वस्त टेलिफोटो घेताना ही सोय हवीच हवी. ती नसलेली लेन्स दोन-तीन हजारांनी कमी मिळाली तरी मोह नको. एक मात्र लक्षात ठेवा, ही सोय तुमचा हात आवरते, समोरच्याची हालचाल नाही. लेझीम खेळणारी मुलं किंवा रिंगणात धावणारा घोडा टिपायचा तर शटरचा वेग पाचशेवा भाग किंवा त्याहून जास्तच लागतो.

आता लेन्स आपल्या कॅमेऱ्याला बसते का, ते. कॅननची लेन्स निकॉनला बसत नाही आणि निकॉनची कॅननला बसत नाही. टॅमरॉन आणि सिग्मा दोघांसाठी लेन्स बनवतात, पण प्रत्येक नग एकाच कंपनीच्या कॅमेऱ्यासाठी असतो. खोक्यावर "कॅननसाठी" की "निकॉनसाठी" ते वाचून घ्या.

तुमच्याकडे कॅननचा साधा डीएसएलआर असेल, तर 55-250 आयएस ही लेन्स पहिली बघा. तिच्या पुढच्या नमुन्याच्या नावात एसटीएम ही अक्षरं आहेत. तो नमुना 2013 साली आला. त्याचा फोकस शांत आणि चपळ आहे, वजन पावणेचारशे ग्रॅम, आणि पाऊण-एक मीटरवरच्या वस्तूवरही फोकस होतो. म्हणजे पापड, लोणचं, गोधडी, अशा गटाच्या मालाचे फोटोही त्यात निघतात. कॅननचीच 75-300 नावाची आणखी एक लेन्स बाजारात फार दिसते. कॅमेऱ्यासोबत दोन लेन्सच्या जोडीतही ती पुष्कळदा दिली जाते. आकडा मोठा, किंमत कमी, म्हणून खपते. पण नेहमीच्या नमुन्यात कंप आवरायची सोय नाही आणि 300 च्या टोकाला फोटो मऊ येतो. दोन्ही समोर असतील तर आकडा लहान असला तरी 55-250 घ्या.

निकॉनवाल्यांनी जास्त डोळे उघडे ठेवायचे. निकॉनच्या डी 3000 आणि डी 5000 मालिकेतल्या लहान कॅमेऱ्यांच्या आत फोकसची मोटर नसते. ती लेन्समध्ये असावी लागते. जुन्या बाजारात निकॉनची एक 70-300 अगदी स्वस्त मिळते, जिच्या नावात नुसतं एएफ असतं. ती या कॅमेऱ्यांना बसते, फोटोही निघतो, पण फोकस आपोआप होत नाही. प्रत्येक वेळी हाताने फिरवायचा. समोर पोरं नाचत असताना ते कसं जमायचं? नावात एएफ-एस असेल तर मोटर आत आहे. 55-200 व्हीआर आणि 55-300 व्हीआर या लेन्स त्यातल्या. 2016 साली एएफ-पी नावाची नवी 70-300 आली. ती हलकी आणि चपळ आहे, पण डी 3100, डी 5100 अशा जुन्या कॅमेऱ्यांवर तिचा फोकसच चालत नाही. शिवाय ती दोन प्रकारांत आहे, एक व्हीआर असलेली, एक नसलेली. दिसायला दोघी बहिणी-बहिणी. नावातली अक्षरं वाचल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत.

इंग्रजी वाचायला अडत असेल तर लाजू नका. कॅमेऱ्याचं नाव आणि लेन्सचं नाव मोबाइलवर फोटो काढून आणा, शाळेत जाणाऱ्या लेकीकडून अक्षर न् अक्षर वाचून घ्या. आणि दुकानात आपला कॅमेरा सोबत न्या. लेन्स लावा, फोकस करून बघा, मग बोला.

आणखी दोन मोहांपासून सावध राहा. एक, लेन्सच्या तोंडावर स्क्रूसारखं फिरवून बसवायचं स्वस्त भिंग. "दुप्पट जवळ आणतं" म्हणून विकतात. चेहरे धुरकट येतात, कडा रंगीत होतात. दुसरं, 420-800 अशा भल्यामोठ्या आकड्याची, ऑनलाइन स्वस्तात मिळणारी लेन्स. तिच्यात फोकस आपोआप होत नाही, कंप आवरायची सोय नाही, आणि तोंड 8.3 पासून 16 पर्यंत बारीक. भर उन्हात स्टँडवर लावून कसाबसा फोटो निघेल. कार्यक्रमाच्या कामाला तिचा उपयोग नाही.

आता जुन्या लेन्सविषयी. 2018 पासून कॅनन आणि निकॉन दोघांनी नव्या धाटणीचे, आरसा नसलेले कॅमेरे जोरात आणले. पुष्कळ लोक तिकडे वळले आणि त्यांच्या डीएसएलआरच्या लेन्स विकायला निघाल्या. आपल्यासाठी ही चांगली संधी आहे. फक्त कॅननची आरएफ किंवा निकॉनची झेड अशी अक्षरं असलेली लेन्स घेऊ नका. ती नव्या कॅमेऱ्यांची, आपल्या कॅमेऱ्याला बसत नाही.

जुनी लेन्स घेताना या गोष्टी तपासा. वहीत लिहून घ्या.

एक. पुढची-मागची टोपी काढा आणि मोबाइलचा टॉर्च एका बाजूने आत मारून दुसऱ्या बाजूने बघा. धुळीचे चार कण असले तर चालतात. पण कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. ती लेन्स फुकट दिली तरी नको.

दोन. झूमची कडी पूर्ण फिरवून बघा. कुठे अडकते का, आत खुळखुळतं का, खाली तोंड केलं की नळी आपोआप घसरते का.

तीन. कॅमेऱ्याला लावून लांबच्या विजेच्या खांबावर आणि मग जवळच्या वस्तूवर फोकस करा. दोन्हीकडे चटकन आणि दर वेळी नीट व्हायला हवा.

चार. भिंतीला वर्तमानपत्र सपाट चिकटवा. कॅमेरा टेबलावर टेकवून, झूम पूर्ण लांब करून, समोरासमोर फोटो काढा. मग मोठा करून चारही कोपरे वाचा. कोपरे मधल्यापेक्षा जरा मऊ असतील तर चालतं. पण एक बाजू स्पष्ट आणि दुसरी पुसट असेल तर आतली भिंगं हललेली आहेत. कदाचित पडलेली लेन्स असेल.

पाच. कंप आवरायची सोय चालू करून आणि मग बंद करून, हातात धरून, शटर साठाव्या भागावर ठेवून चार-चार फोटो काढा. फरक दिसला पाहिजे.

सहा. लेन्सवरचा क्रमांक बिलावर आहे का ते बघा. बिल नसेल तर विकणाऱ्याचं नाव-गाव आणि सही असलेली पावती घ्या. चोरीचा माल गटाच्या गळ्यात नको. नवी घेणार असाल तर जीएसटीचं पक्कं बिल आणि भारतातली वॉरंटी. "बिलाविना दोन हजार कमी" हा सौदा बिघाड झाल्यावर महाग पडतो.

आता पैशाकडे येऊ. समजा लेन्स 12 हजारांना पडली आणि तुम्ही गटाकडून महिना शेकडा 2 रुपये व्याजाने वर्षभरासाठी कर्ज घेतलं. दर महिन्याला 1 हजार मुद्दल फेडायचं आणि व्याज उरलेल्या रकमेवर. पहिल्या महिन्याला व्याज 240, मग 220, असं उतरत शेवटच्या महिन्याला 20. सगळं मिळून व्याज 1560. म्हणजे लेन्स पडली 13,560 रुपयांना. आता स्वतःला विचारा, या लेन्समुळे एका कामाला जास्तीचे किती मिळतील? नुसते फोटोचे नव्हे, लेन्स आहे म्हणून जे जास्त मिळतील ते. समजा 500. तर पैसे फिटायला 28 कामं लागतील. वर्षात अशी 28 कामं, दिवसाची आणि लांबून काढायची, तुमच्या पंचक्रोशीत आहेत का? बोटं मोडून मोजा. शाळा किती, क्रीडास्पर्धा किती, जत्रा किती, वारी जवळून जाते का.

कामं सात-आठच भरत असतील तर लेन्स भाड्याने आणा. जिल्ह्याच्या ठिकाणी आणि मोठ्या शहरात दिवसाच्या भाड्याने लेन्स मिळतात. समजा दिवसाला 400 पडले तर आठ कामांचे 3200. कर्ज नाही, बुरशीची काळजी नाही, आणि दोन-तीन वेगळ्या लेन्स हाताळून बघायला मिळतात. मग विकत घेताना दुकानदार नाही, तुम्ही सांगाल कोणती हवी ते.

भिगवणकडे उजनीच्या पाण्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. तिथले मासेमार पाहुण्यांना नावेतून पक्षी दाखवायला नेतात. तुमच्या आसपास असं ठिकाण असेल तर टेलिफोटो लेन्सला वर्षातले काही महिने नेमाने काम मिळू शकतं. पालखीच्या वाटेवर गाव असेल, चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण किंवा बेलवाडीचं गोल रिंगण जवळ असेल, तर त्या दिवशी दोरीच्या बाहेरून घोडा टिपायला हीच लेन्स लागते. म्हणजे लेन्सची निवड गावावरून आणि कामावरून ठरते.

लेन्स घेतली तर जपायची कशी, तेही सांगते. पावसाळ्यात बुरशी हा तिचा मोठा शत्रू. कापडी किंवा चामडी पिशवीत ओल धरते. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घ्या आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. त्या पुड्या अधूनमधून बदला. काम नसलं तरी आठवड्यातून एकदा लेन्स बाहेर काढून हवा लागू द्या. भिंगावर धूळ बसली तर आधी रबरी फुग्याने हवा मारा, मग लेन्सचं मऊ कापड. पदराने पुसू नका, पदरातला बारीक कण काचेवर कायमचा ओरखडा काढतो. धुळीत, मळणीजवळ, रिंगणात लेन्स बदलू नका. आणि एक कायमचं लक्षात ठेवा, अशी लेन्स लावून कॅमेऱ्याच्या डोळ्यातून सूर्याकडे कधीच बघायचं नाही. भिंगाने कागद पेटतो ना, तसा आपला डोळा जळेल. पोरांच्या हातात कॅमेरा देताना हे आधी सांगा.

शेवटचं, पण माझ्या दृष्टीने मोठं. ही लेन्स लांबून चेहरा टिपते. समोरच्या बाईला कळतही नाही. नदीवर धुणं धुणारी, शेतात पदर खोचून काम करणारी, लेकराला पाजणारी, यांचे फोटो तिला न विचारता काढायची ताकद आपल्या हातात येते. ती ताकद जपून वापरायची. आपल्याला कुणी तसं टिपलं असतं तर चाललं असतं का, एवढं मनात विचारायचं. फोटो निघाला तर जाऊन तिला दाखवा, तिची परवानगी घ्या. नको म्हणाली तर तिच्यासमोर पुसून टाका. मोबाइलच्या ग्रुपवर तर विचारल्याशिवाय टाकूच नका. गावातल्या बायकांचा विश्वास राहिला तरच त्या लेकीच्या लग्नाला तुम्हाला बोलावतील.

होमाई व्यारावाला या आपल्या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. 1913 साली नवसारीत जन्मल्या. साडी नेसून, जड कॅमेरा घेऊन, पुरुषांच्या गर्दीत त्यांनी काम केलं. 2011 साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. त्यांच्या हातातल्या रोलायफ्लेक्स कॅमेऱ्याला झूम नव्हतं. जवळचा फोटो हवा तर पुढे सरकायचं, एवढाच उपाय होता.

तर प्रश्न विचारणाऱ्या तिघींनो, असं करा. येत्या महिन्याच्या बैठकीत गेल्या वर्षीच्या कामांची वही उघडा. दिवसाची किती, रात्रीची किती, आणि कुठे लांब पडलं म्हणून फोटो हुकला, ते मोजा. पुढच्या क्रीडास्पर्धेला एक दिवस लेन्स भाड्याने आणा. आलेले फोटो पालकांना दाखवा आणि त्यातले किती विकले जातात ते बघा. तो आकडा घेऊन गटासमोर बसा. मग गट हो म्हणाला तर कंप आवरणारी, आपल्या कॅमेऱ्यावर फोकस होणारी, टॉर्च मारून तपासलेली लेन्स घ्या. गट नाही म्हणाला तर भाड्याच्या लेन्सवर आणखी एक हंगाम काढा.

इतर गटांनीही आपापले प्रश्न कळवा. कॅमेरा, शिलाई मशीन, पिठाची गिरणी, काहीही असो. घेण्याआधी विचारा, घेतल्यावर नको.